विंगेतला आवाज

बेलापुराहून पुढं नदीच्या अंगाला जे गाव लागतं, त्याचं नाव इथं सांगत नाही. तिथल्या नाटकांत कोण कुठं फजीत झालं ते पुढं येणार आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आता नातवंडं झालीत. त्या गावात कानिफनाथचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो भरून देतो. काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची बसवायची, वार्निश मारून वाळवायची. वर्षभर हेच चालतं. फक्त चैत्र जवळ आला की त्याचं कामात लक्ष राहत नाही आणि गिऱ्हाइकंही ते समजून घेतात. चैत्रात भैरवनाथाची यात्रा असते. यात्रेत गावच्या माणसानं लिहिलेलं नाटक गावच्याच मंडळींनी करायचं अशी तिथली रीत आहे, आणि तीसेक वर्षं तो लिहिणारा माणूस कानिफनाथ आहे. दहावीला गणितानं दगा दिला म्हणून तो तारेकडं वळला. नाटकाकडं का वळला हे त्याची बायको छबूबाई अजून विचारते.

शेजारच्या गाळ्यात बाबाजान शेखचं शिवणकाम होतं. बाबाजान नाटकात प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, कागद मांडीवर घ्यायचे आणि नटाला पुढचं वाक्य द्यायचं, हे त्याचं काम. शहरात म्हणे प्रॉम्प्टर प्रेक्षकांना ऐकू येत नाही. इथं नट दिवसभर उसाला पाणी देऊन आलेले, पाठांतराच्या नावानं बोंब. तेव्हा बाबाजानचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा आणि नटाचा दुसऱ्या रांगेपर्यंत. लोक प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. एका ऐतिहासिक नाटकात सरपंचाचे भाऊ आबासाहेब सरदार झाले होते. बाबाजाननं आतून सांगितलं, "तलवार उपसा." आबासाहेब प्रेक्षकांकडं तोंड करून गरजले, "तलवार उपसा!" आणि हात बांधून उभे राहिले. टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून कंसातलं वाचायचं नाही असं बाबाजाननं ठरवून टाकलं.

प्रॉम्प्टरनं रंगमंचावर पाऊल टाकायचं नाही, हार घालून घ्यायचा नाही. त्याचा मान वेगळा. नाटकाआधी नारळ फुटला की पहिली भकल विंगेत त्याच्या हातावर. कानिफनाथ स्वतः कामही करायचा. पण तो बाबाजानच्या आवाजावर विसंबत नसे. तिरकी नजर टाकायची, बाबाजानचे ओठ हलले की शब्द उचलायचा. आवाज पोचायच्या आत वाक्य याच्या तोंडात असायचं. लोकांना वाटायचं, नाथाभाऊचं पाठांतर काय सुरेख! बाबाजान नुसता हसायचा.

तीन वर्षांपूर्वी कानिफनाथच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. सरदार झाले, सासूसून झाली, दारूबंदी झाली. आता शंभर वर्षांनंतरचं गाव दाखवायचं. त्या गावात एक यंत्र असेल. त्याचं नाव मुनीम. कॅनॉलच्या पाण्याची पाळी मुनीम ठरवणार, दुखणं मुनीम ओळखणार, सोयरिकी मुनीम जमवणार. तो दिसायचा नाही. पडद्यामागून नुसता बोलायचा, आणि तो आवाज बाबाजानचा असणार, कारण पडद्यामागून बोलायचा सराव दुसऱ्या कुणाला होता?

पहिला अंक त्यानं दुकानाच्या पायरीवर वाचून दाखवला. बाबाजान एका सदऱ्याला काजं करत ऐकत होता.

"तुझं मशीन समदं करतं?"

"समदं. शंभर वर्सांनंतरचं हाय ते."

"मग नाटक कशाला पायजे? पोरगी इचारील, मुनीम सांगंल, पडदा. लोकांनी भेळ खाऊन घरी जायचं."

कानिफनाथ चिडला. बाबाजाननं सुई सदऱ्यात टोचून ठेवली.

"तुझ्याकडं मोटार आली की तू पयलं काय इचारतो? हेड किती? पानी किती वर चढवायचंय? त्याच्या वर ती मोटार थेंब न्हाई फेकनार, गिऱ्हाइकानं डोकं आपटलं तरी. व्हय का न्हाई? मग मुनीमचा हेड किती ते आदी ठरव. त्याला जे जमत न्हाई, तितनंच तुझं नाटक सुरू हुनार."

यानंतर दोन महिने संध्याकाळी दोघांचं तेच चाललं. मुनीमला लाईट लागेल, हे पहिलं ठरलं. शंभर वर्षांनी कसलं लोडशेडिंग, असं कानिफनाथ म्हणाला. आपल्या गावात ऱ्हानारच, असं बाबाजान म्हणाला, आणि ते नाटकात गेलं. मुनीम खोटं बोलत नाही, हेही लिहिलं होतं. पण वीजमीटरचा अनुभव सगळ्या गावाला असल्यानं ते कुणाला पटणार नाही म्हणून खोडलं. जे कुणी सांगितलंच नाही ते मुनीमला ठाऊक नाही, यावर दोघांचं एकमत झालं. आणि सगळ्यात शेवटी बाबाजाननं एक मर्यादा घालून दिली: मुनीम मेलेल्या माणसाचा आवाज काढू शकत नाही.

दुसरा अंक याच मर्यादेवर उभा होता. नाटकातली पोरगी रुक्मा. तिचा बाप अचानक जातो. ती मुनीमपुढं बसते आणि म्हणते, सगळं जाणतोस ना, मग एकदा माझ्या बापाच्या आवाजात बोल. मुनीम म्हणतो, नाही जमत. आपण आजवर लिहिलं त्यातलं हे एकच खरं लिहिलंय असं कानिफनाथला वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं.

त्या वर्षी नाटक झालं नाही. बाबाजानचा आवाज बसला, बरा होईना, आणि नगरला दाखवलं तर घशाचा कॅन्सर निघाला. तंबाखू. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर तो पांढरं फडकं बांधायचा, स्वतः शिवलेलं, चारी बाजूंनी बारीक दुमडलेलं. माणूस वाचला. आवाज गेला.

अशी माणसं नुसते ओठ हलवून बोलतात आणि घरच्यांना ते हळूहळू कळायला लागतं. बाबाजाननं तसं कधी केलं नाही. ज्यानं आयुष्यभर गावाला आवाज पुरवला त्यानं आता मुक्यानं तोंड उघडमीट करायचं, याची त्याला भयंकर लाज वाटे. तो खुणा करायचा, पाटीवर लिहायचा, पण ओठ मिटलेले. बायकोसमोरही मिटलेले. गौहरभाभींनी एकदा छबूबाईपाशी रडत सांगितलं, "घरात मानूस हाय, अन् घर मुकं झालंय."

त्यांची मुलगी तमन्ना पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती त्या वर्षी सुट्टीला आली आणि गावातून नाटकांच्या जुन्या कॅसेटी आणि सीड्या गोळा करत हिंडली. प्रत्येक घरात एखादी निघालीच, कारण प्रत्येक घरात एक नट होता. त्या सगळ्या रेकॉर्डिंगांत नट पुटपुटताना दिसत होते आणि बाबाजान स्वच्छ ऐकू येत होता. तमन्नानं तेवढा आवाज वेगळा काढला आणि मोबाईलला शिकवला. आता बाबाजाननं मराठीत टाईप केलं की मोबाईल बाबाजानच्या आवाजात बोलायचा.

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा कानिफनाथ दुकानात वार्निशचा ब्रश घेऊन उभा होता. शेजारच्या गाळ्यातून हाक आली, "नाथा, चहा सांग. साखर कमी." ब्रश हातातून पडला. तो धावत गेला आणि बाबाजानला मिठी मारून लहान पोरासारखा रडला. बाबाजानच्या शर्टाला लागलेलं वार्निश शेवटपर्यंत गेलं नाही.

एक गंमत मात्र होती. मोबाईल शिकला होता तो प्रॉम्प्टिंगचा सूर. घाईचा, दाबून ओरडल्यासारखा, शब्द सुटा करून पुढं सरकवणारा. गिऱ्हाइकाला "पँट उद्या मिळेल" असं तो सांगायचा तेव्हा गिऱ्हाइकाला वाटायचं, आता हे आपण मोठ्यानं म्हणायचंय. आणि घरी बाबाजान आपल्या बायकोशी जे बोलायचा, ते त्यांच्या घरच्या बोलीत, हलक्या आवाजात. ते कुठल्या कॅसेटमध्ये असणार? तमन्नानं त्या बोलीतले दोनतीन शब्द घालून पाहिले. मोबाईलनं ते पोवाड्यातल्यासारखे म्हटले. गौहरभाभी हसल्या, पण आत जाऊन डोळे पुसले. बाबाजाननं त्यानंतर घरच्या बोलीत कधी टाईप केलं नाही.

आणि इथं कानिफनाथचं नाटक कोसळलं. गावात कॉलेजला जाणारी ज्ञानेश्वरी रुक्माचं काम करणार होती. तालमीला बसली आणि तिनं सरळ विचारलं, "काका, मुनीमला आवाज काढता येत नाही, हे कुणाला पटणार? शंभर वर्षांनंतरचं मशीन आहे. बाबाजानचाचांचा मोबाईल आत्ताच काढतोय की! मेलेल्या माणसाचाही निघेल, रेकॉर्डिंग असलं म्हणजे झालं. लोक हसतील."

बरोबर होतं पोरीचं. कानिफनाथ घरी आला, दुसऱ्या अंकाचे कागद माळ्यावर फेकले आणि दोन दिवस नुसत्या मोटारी भरल्या. तिसऱ्या दिवशी बाबाजान पायरीवर येऊन बसला आणि मोबाईल त्याच्यापुढं धरला. आधी टाईप करून ठेवलेलं होतं. मोबाईल त्याच्या नेहमीच्या घाईत बोलला, "हेड चुकला आपला. आवाज मिळतो. बोलणारा मिळत नाही. हा मोबाईल माझ्या आवाजात बोलतो, पण बोलतो कोण? मी. उद्या मी नसलो आणि तू टाईप केलंस, तर आवाज माझा आणि बोलणारा तू. मुनीमला हेच म्हणू दे."

कानिफनाथनं तिथंच, मोटारीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, मुनीमचं नवं वाक्य लिहिलं. "आवाज त्यांचा काढीन, रुक्मा. पण बोलणारा मी असेन. त्यांनी मला जे सांगितलं नाही, ते मला ठाऊक नाही." बाबाजाननं दोनदा वाचलं आणि मान डोलावली. मग हट्टानं मुनीमची सगळी वाक्यं त्यानं स्वतः टाईप करून मोबाईलमधून काढून ठेवली, एकेक शब्द पारखत. तमन्नानं ती आपल्या लॅपटॉपमध्ये घेतली.

पौषात दुखणं उलटलं. दुपारी श्वास लागला. ॲम्ब्युलन्समधून नगरला न्यायला निघाले, सोबत गौहरभाभी. राहुरी मागं पडल्यावर बाबाजाननं मोबाईलसाठी हात पुढं केला. मोबाईलची बॅटरी उतरलेली होती. घाईत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानं काळ्या पडद्यावर दोनदा बोट दाबलं, मोबाईल बाजूला ठेवला, आणि बायकोकडं बघून ओठ हलवले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. नगर यायच्या आधी तो गेला.

कबरस्तानात माती देताना कानिफनाथ पुढं होता. नंतर महिनाभर शेजारचा गाळा बंद दिसला की तो आपल्या दुकानाचं शटर अर्धंच उघडायचा.

यात्रा पंधरा दिवसांवर आली तेव्हा गौहरभाभी दुकानात आल्या. मोबाईल पदरात गुंडाळलेला होता. कानिफनाथनं बाकडं पुसून दिलं.

"नाथाभाऊ, एक काम हाय. न्हाई म्हनू नका."

"बोला, भाभी."

"त्यांनी जाताना कायतरी सांगितलं मला. गाडीत. मला कळलं न्हाई." त्यांनी मोबाईल बाकड्यावर ठेवला. "तुमाला कळतं त्यांच्या वठांवरचं. तीस वर्सं तुमी तेच बघून बोलले. म्या दाखवते, बघा."

आणि त्यांनी ओठ हलवून दाखवले. आठवून आठवून, पुन्हा पुन्हा. कधी ओठ आधी मिटत, कधी आधी उघडत. कानिफनाथनं बघितलं. त्या आठवत होत्या, सांगत नव्हत्या. आणि आठवून हलवलेल्या ओठांवर काही उमटत नाही.

"न्हाई कळत, भाभी."

"मला वाटलंच हुतं." त्यांनी मोबाईल त्याच्याकडं सरकवला. "मग तुमी लिवा. त्यांचं समदं बोलनं तुमीच लिवलेलं. ते तुमचंच बोलायचे. काय म्हनले असतील तेवढं एक वाक्य लिवा, अन् ह्याच्यातनं काढा. म्या एकदा ऐकीन. सूर कसाबी असू दे. मला झोप न्हाई लागत, नाथाभाऊ. मोठं कायतरी असंल, करून ठेवा म्हनले असतील, कुनाला कायतरी द्या म्हनले असतील. का माफी मागितली? मला नुसतं वाटत ऱ्हातं."

"बघतो, भाभी," तो म्हणाला. मोबाईल त्यांनी तिथंच ठेवला.

गावातल्या कुणाच्याही तोंडात शोभेल असं वाक्य लिहायची ज्याची ख्याती, तो आठ दिवस एका वाक्यासाठी झुरला. "गौहर, तू माझ्यासाठी फार सोसलंस," असं लिहिलं, तर ते तिसऱ्या अंकातल्या नायकाचं वाटलं. "पोरीला सांभाळ," लिहिलं. पोरगी आईला सांभाळत होती. "येतो मी," एवढंच लिहिलं, आणि ते त्याला बरं वाटलं. दुपारी दुकानात कुणी नसताना त्यानं ते मोबाईलमध्ये टाईप केलं आणि बटण दाबलं.

"येतो मी," बाबाजान म्हणाला. घाईत, दाबून, शब्द पुढं सरकवत. जसा तो आयुष्यभर कानिफनाथला वाक्य द्यायचा, तसाच. जणू आता कानिफनाथनं उभं राहून ते मोठ्यानं म्हणायचं होतं. त्याला पाप केल्यासारखं वाटलं. बाबाजाननं पायरीवर बसून सांगितलं होतं, आवाज माझा आणि बोलणारा तू. ते त्यानं पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, नाटकात घातलं, आणि स्वतः विसरला. त्यानं वाक्य पुसलं.

तो गौहरभाभींच्या घरी गेला. उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "भाभी, मला त्याचं विंगेतलं बोलनं येतं. घरातलं येत न्हाई. तो घरी तुमाला काय म्हनायचा, कसं हाक मारायचा, तेवढं सांगा. मग जमतंय का बघतो."

गौहरभाभींनी पदर पुढं ओढला. साठीतल्या बाई, पण नव्या नवरीसारख्या लाजल्या. "यात्रा हुंद्या," म्हणाल्या. "मग सांगते."

यात्रेचं नाटक आता दिवेलागणीलाच सुरू करतात, दहाला भोंगा बंद ठेवावा लागतो म्हणून. नारळ फुटला. पहिली भकल कानिफनाथनं विंगेतल्या रिकाम्या स्टुलावर ठेवली आणि हात जोडले. प्रॉम्प्टर या वर्षी नव्हताच. कुणी बसायला तयार झालं नाही, आणि त्यामुळं मंडळींनी गावच्या इतिहासात पहिल्यांदा पाठांतर केलं होतं. तालमीत मुनीमची वाक्यं कानिफनाथच वाचायचा. बाबाजानची रेकॉर्डिंगं ऐकायचं धाडस त्याला झालं नव्हतं. तमन्ना लॅपटॉप घेऊन पडद्यामागं बसली.

पहिल्यांदा मुनीम बोलला तेव्हा सगळं मैदान हललं. "मुनीम हजर आहे." एवढंच वाक्य. आबासाहेब पहिल्या रांगेत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पाठीमागं कुणीतरी म्हणालं, "बाबाजान हाय रं!" आणि बायका पदरांनी डोळे पुसायला लागल्या. मग हळूहळू लोक नाटकात गुंतले. लोडशेडिंगच्या प्रवेशाला हसले. कानिफनाथ स्वतः रुक्माच्या बापाचं काम करत होता. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तो मेला आणि विंगेत येऊन स्टुलाशेजारी उभा राहिला. तिथून बायकांची बाजू दिसत होती. गौहरभाभी छबूबाईला लागून बसल्या होत्या.

ज्ञानेश्वरी गुडघ्यांवर बसली. "सगळं जाणतोस ना तू? मग एकदा माझ्या बापाच्या आवाजात बोल. एकदाच."

तमन्नानं बटण दाबलं.

"आवाज त्यांचा काढीन, रुक्मा. पण बोलणारा मी असेन. त्यांनी मला जे सांगितलं नाही, ते मला ठाऊक नाही."

हसलं कुणी नाही. पाळण्यांच्या बाजूचा आवाजही थांबल्यासारखा वाटला. जो माणूस मेला होता तोच आपल्या आवाजात सांगत होता, आणि हे त्याला कुणी लिहून द्यायला नंतर बसलं नव्हतं. जिवंतपणी, एकेक अक्षर दाबून, त्यानं स्वतः म्हटलं होतं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कानिफनाथनं गौहरभाभींकडं पाहिलं. त्या रडत नव्हत्या. पडद्याकडं एकटक बघत होत्या, एखाद्याचं म्हणणं पटावं आणि तरी राग यावा तशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्त्यांच्या हलग्या वाजायला लागल्या होत्या. कानिफनाथ दुकान उघडून बसला होता, पुढ्यात पेन्सिल, पुठ्ठ्याचा तुकडा आणि मोबाईल. गौहरभाभी कबूल केल्याप्रमाणं आल्या. बाकड्यावर बसल्या. आज त्यांचा पदर डोक्यावर नीट होता.

"सांगा, भाभी," तो म्हणाला. "काय हाक मारायचा?"

परक्या पुरुषासमोर ते मोठ्यानं म्हणणं त्यांच्यानं होईना. चाळीस वर्षांत ते चार भिंतींच्या बाहेर आलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली, घसा साफ केला, आणि नुसते ओठ हलवले. आवाज फुटला नाही.

कानिफनाथची तिरकी नजर सवयीनं गेली होती. शब्द त्यानं उचलला. लहानसा शब्द. लाडाचा.

गौहरभाभी तशाच थांबल्या. ओठ अर्धवट उघडे. मग त्यांनी दोन बोटं ओठांवर ठेवली आणि पुन्हा तेच, सावकाश.

"हेच हुतं," त्या म्हणाल्या. "नाथाभाऊ, हेच हुतं गाडीत. दुसरं काय न्हाई. मला हाक मारली त्यांनी."

आणि मग त्या रडल्या. पौषापासून गावानं त्यांना रडताना पाहिलं होतं, पण असं नाही. ओठांवर बोटं तशीच, आणि बोटांवरून पाणी वाहतंय. कानिफनाथनं तोंड भिंतीकडं केलं. त्याचेही खांदे हलत होते. मोठं काहीतरी राहून गेलं, या धास्तीनं त्या बाईनं किती रात्री जागवल्या, आणि त्या माणसानं शेवटच्या वेळी आपली सगळी लाज सोडून, बिनआवाजाचे ओठ हलवून, फक्त तिला हाक मारली होती.

बऱ्याच वेळानं त्यानं पेन्सिल उचलली. "लिवू का, भाभी? ह्याच्यातनं निघतंय का बघू?"

गौहरभाभींनी मोबाईलकडं पाहिलं. तो उचलला, पदरात गुंडाळला, गाठ मारली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्याला न्हाई सांगायचं."

त्या गेल्यावर छबूबाई चहा घेऊन आली. दारातच विचारलं, "काय म्हनत हुत्या गौहरभाभी?"

"काय न्हाई," कानिफनाथ म्हणाला आणि जळालेली तार उपसायला बसला.

त्याला शब्द कळला होता. तो त्यानं कुठल्या नाटकात घातला नाही, आणि छबूबाईनं त्यानंतर दोनदा विचारूनही सांगितला नाही.